लेख, भोग आणि साक्षी : पेटंटच्या लढाईतील उलटतपासणीची मर्यादा



याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात वादाचा निर्णय कसा करावा, याचे विवेचन आहे. तेथे मानवी प्रमाणे तीन मानली आहेत : लेख, भोग आणि साक्षी. लेख म्हणजे लिहून ठेवलेला पुरावा. भोग म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट. साक्षी म्हणजे ज्याने स्वतः पाहिले वा ऐकले असा मनुष्य. या तिहींपैकी एकही उपलब्ध नसेल, तेव्हाच दिव्याचा मार्ग सांगितला आहे. पेटंट नावाचा हक्क त्या काळी कोणाच्या कल्पनेतही नव्हता. परंतु आज म्युनिक, वॉशिंग्टन वा दिल्ली येथे पेटंटचे जे वाद चालतात, ते याच तीन प्रमाणांभोवती फिरतात. कोणते प्रमाण ग्राह्य धरायचे, आणि साक्षीदार उभा राहिलाच तर त्याला कुठवर प्रश्न विचारायचे, या दोन गोष्टींवर पारंपरिक ज्ञानाच्या अनेक वादांचे भवितव्य ठरलेले आहे.

यातला दुसरा प्रश्न वरकरणी केवळ वकिलांचा वाटतो. उलटतपासणीची व्याप्ती किती असावी, हा सामान्य कुटुंबाच्या चिंतेचा विषय कसा होईल? परंतु ज्या समाजाचे बहुतांश ज्ञान माजघरात, शेताच्या बांधावर आणि वैद्याच्या हातात राहिले, त्या समाजाच्या बाजूने न्यायासनापुढे बोलायला कधी तरी माणूसच उभा राहावा लागतो. त्या माणसाला काय विचारले जाईल, काय विचारता येणार नाही आणि त्याच्या उत्तराला किती वजन मिळेल, हे ज्या समाजाला ठाऊक नाही, तो समाज सत्य असूनही वाद हरू शकतो.

हळद : लेखाचा विजय

डंकेल प्रस्तावांच्या काळापासून स्वदेशीच्या व्यासपीठांवर बौद्धिक संपदेचा विषय सातत्याने मांडला गेला. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी २८ मार्च रोजी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीसंबंधीचे पेटंट मिळाले. हा विषय नेमकेपणाने समजून घेतला पाहिजे. ते पेटंट हळदीच्या रोपावर नव्हते. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर होते. ज्या दोन संशोधकांच्या नावे ते होते, तेही भारतीय वंशाचेच होते. तेव्हा 'परक्यांनी आपली हळद चोरली' एवढ्या एका वाक्यात हा विषय मावत नाही.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली १९९६ च्या ऑक्टोबरात फेरपरीक्षणाचा अर्ज दाखल झाला. अर्जासोबत बत्तीस संदर्भ जोडलेले होते. त्यात जुन्या ग्रंथांतले उल्लेख होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक शोधनिबंधही होता. १९९७ मध्ये अमेरिकन पेटंट कार्यालयाने त्या पेटंटचे सर्व दावे फेटाळले.

या विजयाचा आनंद देशभर झाला, आणि तो उचितच होता. परंतु त्या प्रकरणात एकाही साक्षीदाराची उलटतपासणी झाली नाही, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. अमेरिकेतील फेरपरीक्षणात पुरावा म्हणून पुढे ठेवता येतात ती फक्त आधीची पेटंटे आणि मुद्रित प्रकाशने. महाराष्ट्रातील एखाद्या आजीने वॉशिंग्टनला जाऊन नातवंडांच्या गुडघ्यावर पन्नास वर्षे हळद लावल्याचे सांगितले असते, तरी त्या कार्यवाहीत तिला कोणी एकही प्रश्न विचारला नसता. तिचे सांगणे खोटे होते म्हणून नव्हे. त्या कार्यवाहीच्या चौकटीत साक्षीला जागाच नव्हती म्हणून.

त्या काळच्या अमेरिकन कायद्यात याहून मोठा भेद होता. एखादी गोष्ट अमेरिकेत आधीपासून ज्ञात वा वापरात असेल, तर तिच्यामुळे पेटंटचे नावीन्य नष्ट होई. तीच गोष्ट अमेरिकेबाहेर शतकानुशतके वापरात असली, परंतु पेटंटात वा छापील प्रकाशनात आलेली नसली, तर त्या वापराला तेथे मोल नव्हते. स्वदेशातील भोग प्रमाण, परदेशातील भोग अप्रमाण, असा तो न्याय होता. हा भेद पुढे दूर झाला. १६ सप्टेंबर २०११ रोजी स्वाक्षरी झालेल्या अमेरिका इन्व्हेंट्स अॅक्टने जगात कोठेही झालेला सार्वजनिक वापर ग्राह्य मानला आणि ही तरतूद १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना लागू झाली. फेरपरीक्षणाची चौकट मात्र आजही लेखापुरतीच आहे.

कडुनिंब : भोग आणि साक्षी

लेखाने हळद सोडवली. कडुनिंबाच्या वादात भोग आणि साक्षी यांची कसोटी लागली.

अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १४ सप्टेंबर १९९४ रोजी युरोपीय पेटंट मिळाले. ते कडुनिंबाच्या झाडावर नव्हते. कडुनिंबाच्या बियांपासून विशिष्ट रीतीने काढलेले, आझाडिरॅक्टिन जवळजवळ नसलेले तेल ०.१ ते १० टक्के प्रमाणात घेऊन, त्यात पायसकारक द्रव्य व पाणी मिसळून पिकांवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर होते. जून १९९५ मध्ये त्याला विरोध दाखल झाला. विरोध करणाऱ्यांत युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्वूत होत्या, डॉ. वंदना शिवा होत्या आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ होता. विचारसरणीच्या दृष्टीने ही सर्व मंडळी राष्ट्रीय विचाराच्या परिवारातली नव्हेत. परंतु देशाच्या ज्ञानाच्या रक्षणाचे काम ज्याने केले, त्याचे श्रेय त्याला देणे हा संस्काराचा भाग आहे.

पाच वर्षांनी, ९ आणि १० मे २००० रोजी, म्युनिक येथे युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विरोध विभागापुढे तोंडी सुनावणी झाली. तेथे एका भारतीय उद्योजकाची साक्ष निर्णायक ठरली. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील पुणे व सांगली या दोन जिल्ह्यांत शेतावर झालेल्या प्रयोगांमधून ही पद्धत लोकांपुढे आधीच उघड झाली होती, हे विरोध विभागाने मान्य केले. युरोपातील अर्ज होता १९९० चा. पेटंट रद्द झाले. पेटंटधारकांनी अपील केले आणि ८ मार्च २००५ रोजी तेही फेटाळले गेले. विरोध दाखल झाल्यापासून जवळजवळ दहा वर्षे हा वाद चालला.

सांगली जिल्ह्यातल्या शेतात उन्हाळ्यात काय फवारले गेले, हे आल्प्सच्या पायथ्याच्या शहरात बसलेल्या तीन-चार परीक्षकांना पटते, ही घटना सामान्य नव्हे. ती शक्य झाली, कारण युरोपीय पेटंट करारात जगात कोठेही, कोणत्याही रीतीने जनतेला उपलब्ध झालेले ज्ञान पूर्वज्ञान मानले जाते. तेथे भोग हा प्रमाण आहे आणि भोग सिद्ध करण्यास साक्षी चालतो.

परंतु चालतो म्हणजे काहीही बोलून चालतो असे नव्हे. साक्षीदाराला बोलावण्यापूर्वी युरोपीय कार्यालय एक निर्णय काढते. कोणती तथ्ये सिद्ध करावयाची आहेत, हे त्या निर्णयात आधीच लिहिलेले असते. प्रथम न्यायासन स्वतः प्रश्न विचारते. नंतर पक्षकारांना प्रश्न विचारता येतात, तेही मुद्द्याशी संबंधित असलेलेच. पूर्ववापराच्या बाबतीत प्रश्नांचा रोख साधारणतः ठरलेला असतो. वापर केव्हा झाला? वापरलेली वस्तू वा पद्धत नेमकी कोणती? कोठे आणि कोणत्या परिस्थितीत झाला? ज्यांनी पाहिले, ते गुप्तता पाळण्यास बांधील होते की ती गोष्ट कोणालाही कळू शकत होती?

या चार प्रश्नांपुढे अभिमानाची भाषा निरुपयोगी ठरते. 'आमच्या देशात हजारो वर्षांपासून कडुनिंब वापरतात' हे विधान खरे आहे. परंतु त्यात तेल कसे काढले हे नाही, पाण्यात किती मिसळले हे नाही, बुरशीवर वापरले की किडीवर हेही नाही. पेटंटचा दावा टक्क्यांत बोलतो, तेव्हा त्याला उत्तर देणाऱ्यालाही टक्क्यांतच बोलावे लागते. शेकडो सभांतल्या भाषणांनी जे झाले नसते, ते दोन उन्हाळ्यांच्या, दोन जिल्ह्यांच्या नेमक्या हकिगतीने झाले.

सात तासांची जबानी

अमेरिकन न्यायालयांतील पेटंटच्या दाव्यांचे स्वरूप याहून वेगळे आहे. तेथे खटला उभा राहण्यापूर्वी डिपॉझिशन नावाचा टप्पा असतो. न्यायाधीश उपस्थित नसतात. बहुधा एखाद्या वकिलाच्या कार्यालयात साक्षीदार शपथ घेतो, लघुलेखक शब्दन्‌शब्द टिपतो, पुष्कळदा चित्रमुद्रणही होते आणि प्रतिपक्षाचा वकील प्रश्न विचारतो. संघीय दिवाणी कार्यपद्धतीच्या तिसाव्या नियमानुसार, न्यायालयाने वेगळी परवानगी न दिल्यास, अशी जबानी एक दिवस आणि सात तास यांपलीकडे नेता येत नाही. ही कालमर्यादा २००० मध्ये आली. तत्पूर्वी एकेका साक्षीदाराला दिवसामागून दिवस बसवून ठेवण्याचे प्रकार होत.

प्रश्नांची व्याप्ती मात्र मोठी आहे. पक्षकाराच्या दाव्याशी वा बचावाशी संबंधित असलेले काहीही विचारता येते. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात प्रमाणबद्धतेची अट ठळक केली, म्हणजे वादाच्या महत्त्वाला शोभेल इतकेच खोदकाम करावे असे ठरले. वकिलाला हरकत घेता येते. पण ती थोडक्यात आणि साक्षीदाराला उत्तर न सुचवता घ्यावी लागते. हरकत नोंदली जाते आणि साक्षीदाराला उत्तर द्यावेच लागते. 'उत्तर देऊ नका' असे वकील तीनच कारणांनी सांगू शकतो : वकील व पक्षकार यांच्यातील संवादाची गोपनीयता राखण्यासाठी, न्यायालयाने आधीच घातलेल्या मर्यादेचे पालन करण्यासाठी, किंवा छळ होत असल्यामुळे जबानी थांबवण्याची मागणी न्यायालयाकडे करण्यासाठी.

पेटंटच्या वादात या व्याप्तीला विशेष धार येते. शोधकाला विचारले जाते : ही कल्पना प्रथम केव्हा सुचली? त्या दिवसाची वही कोठे आहे? अर्ज करण्यापूर्वी कोणते लेखन वाचले होते आणि ते पेटंट कार्यालयाला कळवले का? उत्पादनाचे गुपित उघड होण्याची भीती असेल, तर न्यायालय संरक्षक आदेश देते आणि तो मजकूर केवळ वकिलांच्या दृष्टीपुरता राखला जातो. उलट, दाव्यातील शब्दांचा कायदेशीर अर्थ काय, हे शोधकाकडून वदवून घेण्यास फारसे मोल नाही. तो अर्थ न्यायाधीशाने लावायचा असतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या मार्कमन खटल्यात स्पष्ट केले. आपण काय केले हे शोधक सांगू शकतो. आपल्या हक्काची सीमा कोठे, हे तो ठरवू शकत नाही.

कंपनीच साक्षीदार असेल तेव्हा आणखी एक शिस्त आहे. कोणत्या विषयांवर विचारायचे, ते प्रतिपक्षाने आधी पुरेशा स्पष्टतेने कळवायचे आणि त्या विषयांवर कंपनीच्या वतीने बोलण्यासाठी कंपनीने तयारीनिशी मनुष्य पाठवायचा. 'मला व्यक्तिशः ठाऊक नाही' असे म्हणून त्याला सुटता येत नाही, कारण तो व्यक्ती म्हणून आलेलाच नसतो.

२०१२ पासून अमेरिकन पेटंट कार्यालयातच पेटंट विवाद व अपील मंडळापुढे पेटंटला आव्हान देण्याचा नवा मार्ग खुला झाला. तेथील नियम अधिक आखीव आहेत. साक्षीदाराची सरतपासणी प्रतिज्ञापत्राने होते. उलटतपासणी सर्वसाधारणपणे सात तासांत आटोपावी लागते, फेरतपासणीला चार तास आणि पुन्हा उलटतपासणीला दोन तास मिळतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उलटतपासणीची व्याप्ती सरतपासणीच्या व्याप्तीपुरतीच ठेवलेली आहे. प्रतिज्ञापत्रात जे लिहिले नाही, त्यावर प्रतिपक्षाने प्रश्न विचारायचा नाही. साक्षीदार अमेरिकेबाहेर असेल, तर पक्षकारांची संमती वा मंडळाचा विशेष आदेश असल्याशिवाय तेथे त्याची जबानी घेता येत नाही.

हा नियम भारतीय साक्षीदाराच्या दृष्टीने दुहेरी आहे. प्रतिज्ञापत्रात एक अनावश्यक वाक्य लिहिले, तर प्रतिपक्षाला एक नवे दार उघडते. प्राचीन वैभवाचे वर्णन म्हणून कोणी प्रतिज्ञापत्रात लिहून गेला की, सर्व आयुर्वेदीय ग्रंथांत ही कृती आहे. तर प्रत्येक ग्रंथ पुढे ठेवून 'दाखवा, कोठे आहे?' असे विचारण्याचा अधिकार प्रतिपक्षाला आपसूक मिळतो. ज्याने केवळ आपल्या शेतावर काय पाहिले तेवढेच लिहिले, त्याला चरक-सुश्रुतांबद्दल कोणी विचारू शकत नाही. मर्यादशील विधान हेच साक्षीदाराचे कवच असते.

काटेरी तारेचा धडा

येथे कोणी म्हणेल की, पाश्चात्त्यांचा कागदावरचा हा विश्वास म्हणजे मौखिक परंपरेच्या समाजांविरुद्धचा पक्षपात आहे. यात तथ्यांश आहे. वर सांगितलेला २०११ पूर्वीचा भेद उघड पक्षपात होता. पण सर्व दोष तेथेच टाकणे बरोबर नाही. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे काटेरी तारेच्या पेटंटचा वाद आला. आयोवा राज्यातील एका कृषी प्रदर्शनात अशा तारेचे कुंपण कित्येक वर्षांपूर्वीच पाहिल्याचे अनेक साक्षीदारांनी शपथेवर सांगितले. साक्षीदार अमेरिकन होते, प्रदर्शन अमेरिकेत होते. तरीही न्यायालयाने ती साक्ष पुरेशी मानली नाही. काळ लोटल्यावर स्मृती पुसट होते, पाहिलेले आणि नंतर ऐकलेले एकमेकांत मिसळते, म्हणून लेखी आधाराविना केवळ स्मरणावरची साक्ष पेटंट पाडण्यास अपुरी आहे, असे तत्त्व त्या निर्णयाने दृढ केले. अमेरिकन न्यायालये आजही पूर्ववापराच्या तोंडी साक्षीला पूरक पुरावा मागतात.

स्मृतीवर अविश्वास म्हणजे स्मृती सांगणाऱ्यावर अविश्वास नव्हे. याज्ञवल्क्यांनीही साक्षीला एकट्याने उभे केले नाही. लेख आणि भोग यांच्या पंगतीत बसवले. तीनही प्रमाणे एकमेकांना आधार देतात तेव्हा निर्णय भक्कम होतो.

भारतीय कायदा काय म्हणतो?

भारतात या विषयाची चौकट आता बरीच स्पष्ट आहे. २००२ च्या दुरुस्तीने भारतीय पेटंट कायद्यात एक महत्त्वाचे कारण समाविष्ट झाले. भारतातील वा अन्यत्र असलेल्या कोणत्याही स्थानिक वा देशज समाजात मौखिक वा अन्य रूपाने उपलब्ध असलेल्या ज्ञानाने एखादा दावा आधीच व्यापला असेल, तर त्या पेटंटला पंचविसाव्या कलमाखाली विरोध करता येतो आणि चौसष्टाव्या कलमाखाली ते रद्दही करवता येते. 'मौखिक' हा शब्द कायद्यात आला, ही लहान गोष्ट नव्हे. माजघरातल्या ज्ञानाला भारतीय संसदेने दिलेली ही मान्यता आहे.

परंतु मौखिक ज्ञान सिद्ध करायचे तर मुखाने सांगणारा माणूस हवा, आणि येथे साक्षीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पेटंट नियंत्रकापुढील कार्यवाहीत पुरावा सामान्यतः प्रतिज्ञापत्रानेच दिला जातो. एकोणऐंशीव्या कलमानुसार नियंत्रकाला योग्य वाटल्यास तो तोंडी साक्ष घेऊ शकतो, किंवा प्रतिज्ञापत्रातील मजकुरावर उलटतपासणीची अनुमती देऊ शकतो. 'प्रतिज्ञापत्रातील मजकुरावर' हे शब्द ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

उच्च न्यायालयातील दाव्यात मात्र हे कुंपण नसते. १८७२ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या एकशे अडतिसाव्या कलमाने उलटतपासणी सुसंबद्ध तथ्यांपुरती बांधली होती. परंतु सरतपासणीत साक्षीदार जे बोलला तेवढ्यापुरतीच ती असावी, असे बंधन घातले नव्हते. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला आणि हेच तत्त्व त्याच्या एकशे त्रेचाळिसाव्या कलमात कायम राहिले. उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारता येतात. साक्षीदाराची सत्यप्रियता पारखणारे प्रश्न विचारता येतात. केवळ अपमान वा त्रास देण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायालय रोखते. २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपासणी प्रतिज्ञापत्राने होते आणि उलटतपासणीसाठी न्यायालय आयुक्तही नेमू शकते. आयुक्तापुढे हरकत आली, तर तो ती नोंदवतो. निर्णय न्यायालय करते. म्हणजे पुष्कळदा भारतीय साक्षीदारालाही हरकत ऐकून घेऊन उत्तर देऊन टाकावे लागते.

तात्पर्य असे की, अमेरिकेतील मंडळापुढे उलटतपासणीला सरतपासणीचे कुंपण आहे, युरोपात आधी काढलेल्या निर्णयाचे कुंपण आहे आणि भारतीय न्यायालयात सुसंबद्धतेचे विस्तीर्ण मैदान आहे. घरच्या न्यायालयात उभा राहणारा देशज ज्ञानाचा साक्षीदार सर्वांत अधिक उघड्यावर असतो. भाषा ओळखीची आहे म्हणून तयारी कमी चालेल, हा समज घातक आहे.

आप्त कोणाला म्हणावे?

न्यायदर्शनाने शब्द हे प्रमाण मानले. परंतु प्रत्येकाचा शब्द नव्हे, आप्ताचा. ज्याने विषयाचे साक्षात ज्ञान मिळवले आहे आणि ते जसे पाहिले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन यापुढे जाऊन सांगतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या वाक्यात साक्षीच्या शास्त्राचा गाभा आला. वंश, भाषा, पदवी यांनी कोणी आप्त होत नाही. प्रत्यक्ष ज्ञान आणि यथार्थ कथन यांनी होतो. त्याच न्यायाने सांगलीचे शेत पाहिलेला माणूस म्युनिकमध्ये आप्त ठरला. त्याच न्यायाने, केवळ राष्ट्रप्रेमाने भारलेला परंतु स्वतः काही न पाहिलेला वक्ता कोणत्याही न्यायासनापुढे आप्त ठरणार नाही.

उलटतपासणी ही आप्ताची परीक्षा आहे. चांगला साक्षीदार विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. ठाऊक नसेल तेथे 'ठाऊक नाही' म्हणतो. आठवत नसेल तेथे 'आठवत नाही' म्हणतो. ऐकलेले असेल तर ऐकले म्हणतो, पाहिल्याचा आव आणत नाही. प्रतिपक्षाच्या वकिलाला शत्रू न समजता शांतपणे ऐकतो. 'ठाऊक नाही' या दोन शब्दांनी कोणाचाही देशाभिमान उणावत नाही. उलट, एका अतिशयोक्तीने नऊ खऱ्या विधानांवरचा विश्वास उडतो आणि त्या नऊ विधानांत एखाद्या संपूर्ण जिल्ह्याचे ज्ञान असू शकते.

आपल्या सभासंमेलनांतून 'कडुनिंबाचे पेटंट', 'हळदीचे पेटंट' असे शब्द सर्रास वापरले जातात. जनजागरणासाठी ते सोपे पडतात. परंतु तीच सवय घेऊन कोणी साक्षीला उभा राहिला, तर पहिल्या पाच मिनिटांत त्याला विचारले जाईल : 'हे पेटंट झाडावर आहे काय? दावा वाचला आहे काय?' आणि पुढचे पावणेसात तास त्याने काहीही सांगितले, तरी ते वजनहीन होईल. प्रबोधनाची भाषा आणि प्रमाणाची भाषा यांतील अंतर कमी करणे, हे विचारांच्या कार्यकर्त्याचे काम आहे.

आज करावयाचे काम

लेखाच्या बाबतीत देशाने मोठे काम उभे केले. २००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालयाने आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी परंपरांतील ग्रंथबद्ध योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत परीक्षकांपुढे ठेवले. युरोपीय पेटंट कार्यालयाशी त्याचा करार २००९ मध्ये झाला आणि २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हे भांडार पेटंट कार्यालयांपलीकडेही खुले करण्यास मान्यता दिली. परंतु या ग्रंथालयात येते ते मुख्यतः ग्रंथांतले ज्ञान. जे ग्रंथात कधी आलेच नाही, ते अजून माणसांतच आहे, आणि ती माणसे दरवर्षी एकेक करून जात आहेत.

जैवविविधता कायदा, २००२ अन्वये गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. ती सरकारी सोपस्कार म्हणून भरायची, की भावी साक्षीचा पाया म्हणून, हे गावातल्या शिकलेल्या तरुणांवर अवलंबून आहे. द्राक्षबागेतील भुरीवर एखादा शेतकरी घरचे काही फवारत असेल, तर नोंद कशी असावी? दिनांक, गट क्रमांक, पीक आणि रोग, द्रव्य कोणते व कसे काढले, किती पाण्यात किती मिसळले, कोण उपस्थित होते, परिणाम किती दिवसांनी दिसला, घाण्याची वा दुकानाची पावती, दिनांकासह छायाचित्र. वहीचे पान फाटू नये, मागाहून खाडाखोड होऊ नये. पाच मिनिटांचे हे काम आहे आणि वीस वर्षांनी त्याच पाच मिनिटांवर सात तासांची उलटतपासणी निभावून जाते.

यात एक पेचही आहे आणि तो झाकून उपयोग नाही. ज्ञान जगापुढे उघड केले, तर दुसऱ्याचे पेटंट रोखता येते. पण उघड केलेले ज्ञान कोणालाही वापरता येते आणि स्वतःचे पेटंट घेण्याची संधीही बहुधा जाते. गुप्त ठेवले, तर कमाईचा संभव राहतो. पण पूर्ववापर सिद्ध करताना 'जनतेला उपलब्ध होते काय?' या प्रश्नापाशी साक्षीदार अडतो. म्हणून काय उघड करायचे, काय नोंदवून राखायचे, याचा निर्णय ज्ञान धारण करणाऱ्या समाजाने जाणत्या वकिलाला विचारून वेळीच घ्यावा. वाद उभा राहिल्यावर तो घेता येत नाही.

हळदीने लेखाचे सामर्थ्य दाखवले. कडुनिंबाने दाखवले की नेमका भोग आणि सच्चा साक्षी असेल, तर परक्या देशातही न्याय मिळतो. पुढचा वाद कोणत्या वनस्पतीचा, कोणत्या वाणाचा, कोणत्या कारागिरीचा असेल, हे कोणी जाणत नाही. त्या दिवशी देशाच्या वतीने जो उभा राहील, तो कदाचित आज एखाद्या गावी शाळेत शिकत असेल. त्याच्या हाती दिनांक घातलेली वही असावी आणि त्याच्या जिभेवर जेवढे पाहिले तेवढेच सांगण्याची सवय असावी. ही वही आणि ही सवय दोन्ही घरातच तयार होतात. न्यायालयाच्या दाराशी त्या कोणाला देता येत नाहीत.